प्लस तेराचा चष्मा

तिला सगळे काचताई म्हणत. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि परवाना कपाटात होता, त्यामुळे ते कुणाच्या तोंडी कधी बसलंच नाही. चपला शिवणाऱ्याचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये चेपून बसवल्यासारखं तिचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक, मागे डोळे तपासायची अंधारी खोली, आणि त्याच्याही मागे काच घासायचं यंत्र. हल्ली सगळे चष्मेवाले कारखान्यातून तयार काचा मागवतात. काचताईचे वडील मात्र काच स्वतः घासत, आणि सोळाव्या वर्षी त्यांनी तिला यंत्रावर बसवलं ते बसवलंच. आता ती चौपन्न वर्षांची होती. ज्या नंबरासाठी इतर दुकानं पंधरा दिवस थांबवत, तो ती दोन दिवसांत हातात देई.

हाताने अशी पक्की असलेली ही बाई स्वभावाने मात्र कमालीची भित्री होती. लिफ्टमध्ये ती एकटी चढायची नाही. कुठल्याही कागदावर सही करायची म्हटली की तिला घाम फुटायचा. रस्त्याच्या त्या बाजूला कुत्रं दिसलं तर ती या बाजूच्या दुकानात उगाच भाव विचारत उभी राहायची. तिचा नवरा टेलिफोन खात्यात लाइनमन होता. तीस वर्षं खांबांवर चढून चढून एक गुडघा कायमचा दुखरा करून घेतल्यावर तो निवृत्त झाला होता. तो म्हणायचा, “माझ्या वाटची भीती देवाने मला द्यायची राहिली, म्हणून हिला दुप्पट मिळाली.” ती हसायची. लांबच्या शहरात दिलेल्या मुलीला सातवा महिना लागला होता आणि त्या दिवसांत काचताईच्या भीतीला तेवढा एकच विषय होता.

नवरा सकाळी पेपर मोठ्याने वाचायचा, म्हणून शहरातली निवडणुकीची भानगड तिला ठाऊक होती. मतमोजणीचे मुख्य अधिकारी निकालाच्या कागदावर सही करायला तयार नव्हते. आकडे जुळत नाहीत, एवढंच त्यांनी पत्रकारांना सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून ते कचेरीत दिसले नाहीत. मग त्यांच्या सहीचं एक पत्र छापून आलं, की तब्येत बरी नसल्यामुळे मी परदेशी मुलाकडे जात आहे. त्यांच्या हाताखालच्या उपअधिकाऱ्याने निकालावर सही ठोकली आणि जिंकलेल्यांनी खुर्च्या धरल्या. हरलेली बाजू कोर्टात गेली. सुनावणी शुक्रवारी होती, आणि पेपरात आलं होतं की अधिकारी परदेशातूनच जबाब चित्रित करून पाठवणार आहेत.

काचताई त्यांना मोजणीसाहेब म्हणायची. बारा वर्षं त्यांचे चष्मे तिच्याच हातचे होते. लहानपणीच त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले होते, आणि त्या काळी डोळ्यात आतून काच बसवायची सोय नव्हती. त्यामुळे साहेब प्लस तेराच्या जाड, फुगीर काचा लावत. त्या काचांमागे त्यांचे डोळे बशीएवढे मोठे दिसत. चष्मा काढला की त्यांना ना लांबचं दिसे ना जवळचं. स्वतःचा हातही त्यांना ढगासारखा दिसायचा.

सोमवारी अकराच्या सुमाराला एक माणूस दुकानात आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, नखं स्वच्छ कापलेली, बोलणं मऊ. त्याने रुमालाची पुरचुंडी काउंटरवर सोडली. आत एक मोडका चष्मा होता. एक काडी निखळलेली, एका काचेचे तीन तुकडे, दुसरीला आरपार तडा.

“काकांचा आहे,” तो म्हणाला. “पडला हातून. मी पुतण्या त्यांचा. तीन दुकानं फिरलो, सगळे पंधरा दिवस सांगतात. काका म्हणाले, तुमच्याकडे लवकर होईल.”

“बघते,” काचताई म्हणाली आणि तडा गेलेली काच नंबर वाचायच्या यंत्राखाली धरली. सुई प्लस तेरावर येऊन थांबली. तिने काच तिरपी करून कड बघितली. प्रत्येक काच घासल्यावर तिचे वडील कडेला हिऱ्याच्या टोकाने एक बारीक रेघ ओढत, आणि ती सवय तिलाही लागली होती. ती रेघ तिथे होती. आपली काच तिने ओळखली.

मान खाली घालून ती यंत्रात बघत राहिली, कारण मान वर केली तर चेहऱ्यावर सगळं उमटेल हे तिला कळत होतं. साहेब परदेशी गेले असतील तर त्यांचा चष्मा या गल्लीत कसा? आणि साहेबांना पुतण्या नव्हताच. ते एकुलते एक. बारा वर्षांच्या गप्पांत हे कितीदा तरी निघालं होतं.

“नंबर मोठा आहे,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “शुक्रवारी या.”

“शुक्रवार नाही चालणार. बुधवारी सकाळी.”

“एवढ्या जाड काचेला वेळ लागतो. शिवाय असा चष्मा नुसता बनवून देता येत नाही. डोळ्यापासून किती अंतरावर बसतो त्यावर सगळं असतं. माणूस समोर लागतो.”

यातलं अक्षर न अक्षर खरं होतं, पण ती बोलली ते निव्वळ वेळ काढायला. काका येऊ शकत नाहीत म्हटल्यावर हा दुसरीकडे जाईल, असा तिचा हिशेब.

पुतण्याने क्षणभर विचार केला. “काका घराबाहेर पडत नाहीत. मग तुम्हीच चला. बुधवारी दहाला गाडी आणतो.” आणि तिचं उत्तर न ऐकताच तो गेला.

दुपारी जेवायला घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपराची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली.

“आपण काही बघितलं नाही,” तो म्हणाला. “चष्मा बनव, दे, आणि विसर.”

“ते मला घेऊन जाणार आहेत, अहो.”

“मग आजारी पड.”

“दुकान बंद ठेवलं तर घरी येतील. पत्ता काढायला कितीसा वेळ लागतो?”

पोलिसांकडे जावं तर साहेब दिसेनासे झाल्यापासून त्यांच्या घरी बसवलेला बंदोबस्त पोलिसांचाच होता. साहेबांच्या बायकोला कुणाला भेटू देत नव्हते. संरक्षण आहे म्हणायचे.

दोन दिवस तिने काचा घासल्या. हात आपलं काम करत होते.

बुधवारी बरोबर दहाला गाडी आली. तिने अवजारांची डबी, नवा चष्मा आणि वाचायचा तक्ता पिशवीत घातला. गाडीत बसल्यावर पुतण्याने तिला एक मोठा काळा चष्मा दिला. आतून त्याच्या काचांना चिकटपट्टी लावलेली होती. “लावा, काकू. ऊन फार आहे.” रस्त्यावरून कुणी बघितलं असतं तर डोळ्यांचं ऑपरेशन करून घरी निघालेली बाई वाटली असती. आपल्याच धंद्यातली वस्तू आपल्याच डोळ्यांवर अशी बांधली जाईल असं तिला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. अंधारात तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. वळणं मोजायचं तिने ठरवलं होतं, पण तिसऱ्या वळणानंतर सगळी मोजदाद डोक्यातून उडाली.

गाडी थांबली, जिना आला, एक दार उघडून मागे बंद झालं, आणि कुणीतरी काळा चष्मा काढून घेतला. वरच्या मजल्यावरची खोली होती. खिडकीला जाड पडदा. दारापाशी एक आडदांड माणूस हाताची घडी घालून उभा होता. टेबलावर मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद, समोर तिपाईवर कॅमेरा. खुर्चीत मोजणीसाहेब बसले होते. दाढी वाढलेली, अंगात दुसऱ्या कुणाचा तरी ढगळ शर्ट, आणि नजर भिंतीच्या दिशेने कुठेतरी लागलेली.

“काका, चष्मेवाल्या बाई आल्यात,” पुतण्या म्हणाला.

“मान थोडी वर करा,” काचताई म्हणाली.

आवाज ऐकताच साहेबांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट झाली. बारा वर्षं ते तिला ताई म्हणत आले होते. आज म्हणाले, “बाई, तुमचे हात फार गार आहेत.” ओळख दाखवायची नाही, हे त्यांनी त्या एका शब्दात सांगितलं. तिला ते कळलं आणि रडू फुटेल की काय अशी भीती वाटली. तिने डबीतला बारीक पेचकस काढून नाकाजवळचा स्क्रू उगाचच अर्धा फेरा फिरवला.

चष्मा चढवल्यावर ती पुतण्याला म्हणाली, “आधी लांबचं बघावं लागतं. वीस फूट तरी मोकळी जागा हवी. या खोलीत कुठे आहे?”

“जवळचं दिसलं की झालं. एक कागद वाचायचाय फक्त.”

“लांबचं ठरल्याशिवाय जवळचं बसत नाही. मग वाचताना डोकं गरगरलं तर मला बोलायचं नाही.”

असं ठणकावून आपण बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसला नाही. गिऱ्हाइकांना चार हजार वेळा सांगितलेलं वाक्य आपोआप तोंडातून बाहेर पडलं होतं. पुतण्याने आडदांड माणसाकडे बघितलं आणि पडदा चार बोटं सरकवला.

“काय दिसतंय, काका?”

“काही नाही. सगळं पांढरं,” साहेब म्हणाले.

काचताईला मात्र दिसलं. घरांच्या ओळीमागे पाण्याची उंच टाकी होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात नऊचा आकडा. टाकीच्या डाव्या अंगाला लोखंडी शिडी होती आणि शिडीची मधली एक पायरी निखळून लोंबत होती. तिने फार वेळ बघितलं नाही. “बरं, आता जवळचं,” म्हणत टेबलावरचा कागद त्यांच्या हातात दिला.

माणूस वाचतो तेव्हा त्याच्या बुबुळांची चाल वेगळी होते. ओळीवरून सरकतात, टोकाला पोचतात, झटक्यात मागे येतात. काचांमागचे ते मोठे डोळे तसे तीन ओळी सरकले. साहेबांना लख्ख दिसत होतं. मग त्यांनी कागद खाली ठेवला.

“धूसर,” ते म्हणाले. “एकही अक्षर लागत नाही.”

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. चष्मा हातून पडला नव्हता. साहेबांनी तो फोडला होता. नेहमीसारखा चष्मा लावून ते तो कागद वाचताना दिसले, की शुक्रवारी कोर्टात सगळं संपणार होतं. आणि मग साहेबांची कुणाला गरज उरणार नव्हती.

“नवी काच आहे ना?” पुतण्याचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. त्याने चष्मा ओढून स्वतःच्या डोळ्यांना लावला, डगमगला आणि काढला. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून खात्री करायची काही सोय नसते. आता ते दोघे काचताईकडे बघत होते. खरं सांगितलं तर ती सुटणार होती. नुसतं ‘नंबर बरोबर आहे’ म्हणायचा अवकाश होता.

“माझीच चूक,” ती म्हणाली. “अंतर चुकलं. डोळे खोल गेलेत यांचे. काच पुन्हा घासावी लागेल.”

“किती वेळ?”

“उद्या संध्याकाळ.”

“उद्या दुपारी बाराला मी येतोय.”

परतीच्या वाटेवर पुन्हा तोच काळा चष्मा. डोळ्यांवरच्या अंधारात तिला एवढंच ऐकू आलं, “काकू, तुमच्या मुलीला सातवा ना? जपायला सांगा. जिना उतरताना वगैरे.”

घरी आल्यावर ती मोरीत जाऊन ओकली. नवरा दाराशी उभा होता. तिने भिंतीला टेकून सगळं सांगितलं, मुलीचं शेवटी. ते ऐकताना त्याचा चेहरा बदलला.

“टाकीवर नऊ होता?”

“हो.”

“शिडी डाव्या हाताला? आणि पायरी मोडलेली?”

“लोंबतेय. मधली.”

“तारा ओढताना त्या शिडीवर मी चढलोय,” तो म्हणाला. “डाव्या हाताला दिसते म्हणजे घर पूर्वेला आहे. तिकडे दुमजली घरं तीनच. दोनांत माणसं राहतात, तिसऱ्याची लाइन मीच तोडली होती, रिकामं म्हणून.” तो बूट घालायला लागला. दुखरा गुडघा वाकेना, तेव्हा तिने खाली बसून नाडी बांधून दिली.

“तुम्हीच म्हणालात ना, विसर म्हणून.”

“म्हटलं होतं. आता गप्प बसलो तरी ते आपल्याला विसरतील असं वाटत नाही मला.”

तिने मुलीला फोन लावला. दोन दिवस मैत्रिणीकडे जाऊन राहा, का ते विचारू नकोस, जावयालाही घेऊन जा. मुलगी आईच्या भित्रेपणाला सरावलेली होती, पण या वेळी तिने एकही प्रश्न विचारला नाही.

नवरा संध्याकाळी परतला तो हरलेल्या बाजूच्या वकीलबाईंना भेटूनच. बाईंनी सगळं दोनदा ऐकून घेतलं होतं. माणूस डांबून ठेवलाय, शोधून हजर करा, असा अर्ज त्या उद्याच कोर्टात घालणार होत्या. पण अर्ज घरच्या माणसाचा हवा. त्यावर साहेबांच्या बायकोची सही लागणार होती, आणि त्या बाईच्या दाराशी पहारा. “तुमच्या बायकोला काही सुचतंय का विचारा,” वकीलबाई म्हणाल्या होत्या.

काचताईला एकच गोष्ट सुचली. तिने साहेबांच्या घरी फोन केला. फोन पहाऱ्यावरच्या माणसानेच उचलला. “बाईसाहेबांचा नंबर तपासायचा राहिलाय,” ती म्हणाली. “उद्या सकाळी नऊला पाठवा. तारीख त्यांनीच घेतली होती.” असली कुठलीही तारीख कुणी घेतलेली नव्हती. पलीकडे फोनवर हात ठेवल्यासारखी कुजबुज झाली. मग साहेबांच्या बायकोचा आवाज आला, सावकाश, तोलून मापून: “हो. विसरलेच होते मी. येते.”

गुरुवारी सकाळी त्या आल्या. बरोबर साध्या कपड्यातला पोलिस. तो तपासणीच्या खोलीत यायला निघाला, तेव्हा काचताई म्हणाली, “आत अंधार करावा लागतो, भाऊ, आणि खुर्ची एकच आहे. बाकावर बसा, आवाज येतो बाहेर.” आवाज येतो, हेच तर संकट होतं. मधे नुसता पडदा.

तिने दिवा मालवला. समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला.

“वरची ओळ वाचा,” ती मोठ्याने म्हणाली आणि त्यांच्या कानाशी वाकली. “साहेब इथेच आहेत. शहरात. मी काल बघितलं.”

“प,” साहेबांची बायको म्हणाली. आवाज चिरकला. त्यांनी श्वास घेतला. “ट. ग.”

“पुढची.” आणि कुजबुजत, “जिवंत आहेत. अर्जावर सही हवी. आज कोर्टात जाईल.”

“म. र. न.” त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अंधारात ते फक्त काचताईला दिसत होतं. त्याही कुजबुजल्या, “मुलगा फोनवर रोज रडतो. बाबा आले नाहीत म्हणतो. हे पोलिस म्हणतात गप्प बसा, नाहीतर… ल. व.”

“ओळ चुकली. परत वाचा.”

वकीलबाईंनी नवऱ्याबरोबर दिलेला अर्जाचा कागद तिने तक्त्याच्या उजेडात धरला. साहेबांच्या बायकोने तोंडाने अक्षरं वाचत वाचत सही केली. पेन कागदावर करकरलं. बाहेर बाकाची लाकडं वाजली.

“झालं का?” पोलिसाचा आवाज पडद्याच्या अगदी जवळून आला.

“डावा डोळा राहिलाय,” काचताई म्हणाली. कागद तिने काचांच्या खोक्यात सरकवला. खोक्यातल्या काचा किणकिणल्या. पडदा बाजूला झाला. पोलिसाने आधी एकीकडे, मग दुसरीकडे बघितलं.

“रडताय का, बाईसाहेब?”

“औषध घातलंय डोळ्यांत,” काचताई म्हणाली. “चरचरतं थोडा वेळ.”

त्या गेल्यावर पाच मिनिटांनी नवरा मागच्या दाराने आला आणि कागद घेऊन लंगडत गेला.

बाराला पुतण्या आला. काच अजून झाली नाही म्हटल्यावर तो चिडला नाही. बाक ओढून तो यंत्राच्या खोलीच्या दारातच बसला. “घासा. मी बसतो.” मग तिला घासावीच लागली. काल बरोबर असलेली काच ती आज पाण्याखाली धरून पुन्हा यंत्रावर चढवत होती, काढत होती, पुसत होती, उजेडात धरून मान हलवत होती. पुतण्याची नजर तिच्या हातांवरून हलत नव्हती. एक वाजला. दोन वाजले. कोर्टात काय चाललंय, अर्ज न्यायाधीशांपर्यंत पोचला का, नवरा रस्त्यात धरला गेला का, काहीच कळायला मार्ग नव्हता.

अडीचला तो म्हणाला, “काकू, मला यातलं कळत नाही असं समजू नका. ही काच तुम्ही चौथ्यांदा चढवलीत.”

“प्लस तेरा आहे. घाई केली तर फुटेल.”

“फुटली तर दुसरी आहे का?”

“नाही.”

हे मात्र साफ खोटं होतं. फळीवर दुसरी जाड काच कागदात गुंडाळून ठेवलेली होती, त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. तिने काच यंत्रात बसवली आणि दाब द्यायच्या दांडीवर सगळा भार टाकला. कटकन आवाज झाला. दोन तुकडे पाण्यात पडले.

पुतण्या उठून तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. आता हा मारणार असं वाटून तिने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर त्याने फोन खिशात ठेवला आणि तिच्याकडे असं बघितलं, जणू आता पहिल्यांदाच बघतोय.

“भित्र्या वाटलात मला तुम्ही,” तो शांतपणे म्हणाला आणि दुकानाबाहेर पडला.

ती तिथेच खाली बसली. तासाभराने चपला शिवणाऱ्याने डोकावून बघितलं, तेव्हा यंत्र चालूच होतं आणि पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

झालं होतं ते असं. न्यायाधीशांनी अर्ज दोन वाजता घेतला, आणि या शहराचे पोलिस न वापरता शेजारच्या हद्दीतले पोलिस आणि स्वतःचा अधिकारी पाठवला. बरोबर लाइनमन, घर दाखवायला. ते पोचले तेव्हा बातमी आधीच फुटली होती आणि आडदांड माणूस साहेबांना गाडीत बसवत होता. आणखी दहा मिनिटं गेली असती तर रिकामं घर सापडलं असतं. साहेब चालू शकत होते, पण दिसत काहीच नव्हतं. लाइनमनने त्यांचा हात धरून त्यांना रस्ता पार करून दिला. लाइनमन स्वतःच लंगडत होता, त्यामुळे कोण कुणाला नेतंय हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

शुक्रवारी साहेबांनी कोर्टात तोंडी साक्ष दिली. निकाल रद्द झाला. उपअधिकारी पकडला गेला, आडदांड माणूसही. उपअधिकाऱ्याला ज्यांनी सांगितलं त्यांची नावं पेपरात एक आठवडा ‘वरिष्ठ वर्तुळ’ म्हणून आली, मग तीही थांबली. पुतण्या सापडला नाही. काचताईला ओळख पटवायला तीनदा बोलावलं, ओळीने माणसं उभी केली. त्यांत तो नव्हता. जबाबाच्या प्रत्येक पानावर तिला सही करावी लागली. ती तिने केली.

महिन्याने साहेब बायकोबरोबर दुकानात आले. तिने फळीवरच्या जाड काचेतून त्यांचा चष्मा घडवून ठेवला होता. चष्मा चढवून त्यांनी तिच्याकडे बघितलं.

“ताई, तुमचं दुकान मीच सांगितलं त्यांना,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे.”

“माफ करा.”

काचताईने काडी कानामागे नीट बसवली. हा राग तिने महिनाभर साठवून ठेवला होता. “माझी मुलगी सातव्या महिन्यात होती, साहेब,” ती म्हणाली. “तिला जिन्यावरून ढकलू म्हणाला तो. दुसरं दुकान सांगायचं होतं.”

“दुसऱ्या दुकानात मला कुणी ओळखलं नसतं.”

“ते खरं आहे. तरी सांगते.”

साहेबांनी मान हलवली. त्यांची बायको काचताईचा हात हातात घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिली.

मुलीला मुलगी झाली, सुखरूप. दुकान चालू आहे. पण मऊ बोलणारं, नखं नीट कापलेलं कुणी गिऱ्हाईक काउंटरशी आलं की काचताईचे हातपाय आजही गार पडतात, आणि चष्मा कुणाचा, घरी कोण कोण आहे, हे ती नको इतकं विचारते. नवरा आता सकाळचा पेपर घरी वाचत नाही. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत तो दाराकडे तोंड करून बाकावर बसलेला असतो, दुखरा पाय लांब करून. येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाटतं, म्हाताऱ्याला घरी करमत नसावं.